अरवत्तु

शनिवारी रात्री साडेदहाला नळ आला,
म्हणून रविवारी गाडी धुवायची ठरली.
अनगोळमध्ये मुहूर्त नळच काढतो.

दोन बादल्या. एक साबणाची, एक फडकं पिळायची,
तिच्या तळाशी पोळपाटाएवढी जाळी,
म्हणजे निघालेली माती परत वर येऊ नये.
गाडी जुनी, पांढरी, भरमाण्णा हलगेकरांकडून घेतलेली.
अकरा वर्षं ती उद्यमबागेत
फाउंड्रीच्या भिंतीला टेकून उभी असायची.
ते आत साचे भरत, ही बाहेर धूळ भरी.

मग लोखंड काढायचं औषध मारलं.
त्याला सडक्या अंड्याचा वास.
दोन मिनिटं काहीच नाही.
आणि मग टपापासून खाली
जांभळा ओघळ,
आधी एक, मग बॉनेटभर, दारांवर, डिकीवर,
खानापूरची जांभळं पाटीत फुटावीत तसे.
पांढऱ्या रंगात रुतून बसलेले कण
एवढे असतील असं वाटलं नव्हतं.
मी भरमाण्णांना फोन लावला.
म्हटलं, तुमची भट्टी अजून गळूलालीय बगा.
ते खोकले. बराच वेळ खोकले.
मग म्हणाले, ‘गाडीचं निघतंय न्हवं, बरं हाय.’

खरी बाटली तीस मिलीची,
डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी.
किंमत माझ्या चार दिवसांच्या पगाराइतकी,
सुलभाला मी दोन दिवसांची सांगितली.
सोबत घडीचा कागद, त्यावर नऊ भाषा.
आमच्या गावात ज्या दोघींपायी पाट्यांना काळं फासतात
त्या दोघीही त्यात नाहीत.
शेजारच्या गंगव्वानं कागद उलटासुलटा केला,
म्हणाली, ‘नम्दू इल्ला, निम्दू इल्ला.’
आमची नाही, तुमचीपण नाही.
आणि इतकी हसली
की चष्मा काढून पदराला पुसावा लागला.

चित्रांवरून कळलं ते एवढंच:
स्पंजच्या ठोकळ्यावर आठ थेंब,
आडवे हात, मग उभे हात,
एका वेळी टॉवेलाच्या घडीएवढाच तुकडा.
मग थांबायचं.
पत्र्यावर तेलाचं इंद्रधनुष्य चढतं,
फुटतं, घामेजतं.
लवकर पुसलं तर सगळंच निघून येतं,
उशीर झाला तर दगड.
थंडीत इथल्या हवेला साठ मोजा,
दुकानदार म्हणाला होता.

माझे दोन्ही हात गुंतलेले, मोबाईल घरात.
गंगव्वा कट्ट्यावर पावटे सोलत बसलेली.
ओंदू, एरडू, मूरू,
न सांगताच तिनं सुरू केलं.
मी मनात एक, दोन, तीन.
शेंगेगणिक एक आकडा,
ताटलीत दाणे पडल्याचा आवाज.
‘अरवत्तु!’
की मी फडकं मारायचो.
बॉनेट झालं, टप झालं, उजवी बाजू झाली.
डावीकडं येईतो
मी माझं मोजणं सोडूनच दिलं.

चोवीस तास पाणी लागता कामा नये,
दंवसुद्धा नाही.
शेडला वर पत्रा आहे, पुढं काहीच नाही,
आणि डिसेंबरात पहाटे
धुकं गल्लीत विचारून येत नाही.
चार वाजता बॅटरी घेऊन उठलो
तर शेडच्या तोंडाला दोरी,
दोरीवर गंगव्वाची कौदी,
जुन्या इरकली लुगड्यांचे तुकडे,
मुंग्यांच्या रांगेसारखे टाके,
दंवानं ओली होऊन जड लोंबत.
आत गाडी कोरडी.

बॅटरी फिरवत एक फेरी मारली.
मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली,
तळहाताएवढा करडा डाग,
आरशावर कुणी श्वास सोडावा तसा.
कागदावर त्याचं चित्र आहे, वर लाल फुली.

आठवलं. तिथं असतानाच
हुबळीहून तिच्या नातवाचा फोन आला होता.
ऊटा आतेनु, ऊटा आतेनु,
ती त्याचं जेवण विचारत बसली
आणि मी फडकं धरून
आकड्याची वाट बघत उभा.