पत्ता

मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीत
सर्व्हरसुद्धा पिवळा पडतो.
पंख्याच्या पात्यांवर बोटभर भुकटी.
आधी ती ब्रशनं झाडायची, मग बाकीचं.

त्रिशला मगदूम, हिशोबपट्टीचं टेबल.
रोज सकाळी पासवर्ड घालते
आणि यंत्र म्हणतं, तुमचं होम सापडलं नाही,
तूर्त हे वापरा.
कोरा पडदा. कालचं काहीच नाही.
संध्याकाळी बंद केलं की आजचंही जातं.

"किती दिवस झालं?"
"तीन आठवडे असतील."
"आणि बोलला नाहीत?"
"मला वाटलं, सगळ्यांचंच तसं होतंय."

वायर ओढून पाहिली.
स्विचचे दिवे हिरवे, लुकलुकत होते.
सर्व्हरला हाक मारली, चारी वेळा ओ आली.
फोल्डर जागेवर, तिच्याच नावाचं,
वाचायची मुभा, लिहायची मुभा, सगळं शाबूत.
दुसऱ्या चहापर्यंत मी तिच्यावरच संशय घेत होतो:
कॅप्स लॉक, चुकलेलं अक्षर, मागे राहिलेली एखादी स्पेस.

मग तिच्या खात्यातली ती ओळ उघडली.
दोन तिरक्या रेघा, आणि पुढे
जुन्या यंत्राचं नाव.
ते तर गेल्या महिन्यातच भंगारात गेलं,
किलोच्या भावानं.

नव्यावर सगळ्यांना हलवलं त्या दिवशी
यादी मीच केली होती,
हजेरीपुस्तक समोर धरून.
ती तेव्हा मिरजेत, दवाखान्यात,
आईच्या उशाशी.
तिच्या रकान्यात आठवडाभर लाल फुल्या.

एक आकडा बदलला. एकाचा दोन.
"आता परत आत या."

आलं सगळं. फेब्रुवारीच्या पट्ट्या,
राजापुरीचे भाव, सेलमचे भाव,
हमालीचा तक्ता,
आणि 'आई गोळ्या' नावाची एक फाइल.
बाण तिच्यावर जरा थांबला,
मग पुढे सरकला.

गल्ल्यावरनं भरतेशशेठ,
"काय फॉल्ट हुता वो, मुल्ला?"
"पत्ता," मी म्हटलं.
पुढचं सांगायला तोंड उघडलं
तोवर बाहेर सौदा निघाल्याची हाळी आली
आणि शेठ चपला शोधत उठले.

त्रिशलानं ड्रॉवरमधून वही काढली.
तीन आठवडे रोज निघताना
हातानं उतरून घेतलेलं सगळं,
पानांच्या कडा बोटांनी पिवळ्या झालेल्या.
"ही आता टाकू का?"

मी बॅगेची चेन लावत होतो.
"नको," म्हटलं,
"राहू दे थोडे दिवस."