दोनशे अकरा चिरे

जुन्या गोव्याहून आज पुन्हा पडाव भरून आला.
पुरसोने मोजले, दोनशे अकरा.
कारकुनाने लिहिले दोनशे.

एकावर अर्धे नाव, पाद्र्यांच्या अक्षरात.
"उलटा बसव," मेस्त म्हणाला,
"गिलाव्याखाली वाचतंय कोण?"

जिथे आम्ही कुर्ल्या धरायचो
तिथे आता सरळ रस्ता.
त्याला नाव आहे, खांबावर दिवा आहे,
आणि दिव्यात तेल घालायला
आमचाच फोंडू, सरकारी टोपी घालून.

भरतीला मात्र कुणी कळवले नाही.
अवसेला ती जुन्याच वाटेने येते,
नव्या बाजाराची पायरी ओली करून जाते.

उरलेल्या अकरांची
आमच्या न्हाणीला भिंत झाली.
त्यातल्या एकावर कान कोरलेला,
संताचा की सरदाराचा, कोण जाणे.
पुरसो हसतो.
मी तिथे हळूच बोलते.