गाळी

पाच चाळीसला निघालो तर सात पाचला पंच होतो,
पाच पंचेचाळीसला निघालो तर होत नाही.
मधली पाच मिनिटं कुठं सांडतात विचारू नका.
तुरमुरीच्या कचरा डेपोपाशी कुत्री असतात,
आणि श्वास धरून चढ चढता येत नाही.

कुद्रेमानी ते उद्यमबाग. एकोणीस किलोमीटर.
एका बाजूनं.
दगडांवरची अक्षरं कन्नड, आकडे तेवढे माझे,
ते कमी होत जातात तशा मांड्या तापत जातात.

डबा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायचा,
आमटी वेगळ्या बाटलीत, झाकणाखाली प्लास्टिक.
विजारीला क्लिप. खिशात दहाचा पाना.
दुसरा शर्ट मशीनमागच्या खिळ्याला टांगलेला,
तो शनिवार सोडून घरी येत नाही.
शेवंता म्हणते, तुमचा एक शर्ट
तिकडंच नांदायला गेलाय.

कारखान्यात मी मायक्रॉन बघतो.
रॉड वीस मायक्रॉननं जाड राहिला
तर कडोलकर साहेब लाल खडूनं फुली मारतात.
रस्त्यावर माझं पुढचं चाक दोन बोटं वाकडं फिरतं
आणि रोज पास होतं.

वाऱ्याचं काही खरं नाही.
आषाढात सकाळी तो पाठीवर हात ठेवून ढकलतो,
संध्याकाळी तोच हात छातीवर ठेवतो,
कुठं चाललास गा, थांब की.
थंडीत त्याची शिफ्ट बदलते, माझी नाही.

हिंडलग्यात दस्तगीर अंगठ्यानं टायर दाबून बघतो.
"गाळी कडिमी ऐतरी, मिस्त्री."
कन्नडात चाकातली हवा आणि माळावरचा वारा
दोन्ही गाळीच.
मी म्हणतो, कमी कुठं रे, समोरनं किती आली बघ की!
तो हसतो, पंप मारतो,
पैसे उद्या म्हणतो. त्याचा उद्या गेली चार वर्षं चाललाय.

पुढं कॅम्पातली सावली, तिथं पाय आपोआप चालतात.
मग रूळ सोबतीला येतात.
पहिलं गेट, दुसरं गेट, मला ओलांडायचं एकही नाही,
तरी गाडी आली की मी उगीच तिच्याशी लावतो
आणि हरतो.

एक सांगायचं राहिलं.
सुळग्याजवळ सहा वीसला समोरून
एक हिरवी सायकल यायची, हँडलला खाकी पिशवी.
अकरा वर्षं. तो घंटी मारायचा, मी मारायचो.
एवढंच. नाव नाही, गाव नाही.
अलीकडं भेटला तर वाटायचं तो लवकर आलाय,
मग लक्षात यायचं, उशीर मलाच झालाय.
घड्याळ बघायची गरज नव्हती.

दिवाळीनंतर तो दिसेना.
आठवडाभर मी घंटीला हात लावला नाही,
नंतर एकदा रिकाम्या रस्त्यालाच मारली.
बांधावरची म्हैस दचकली.
कुणाला विचारायचं? काय म्हणून विचारायचं?
खाकी पिशवी दिसली का, असं?

शिमग्याच्या सुमारास एक स्कूटर
हॉर्न देत अंगाला घासून गेली.
शिवी ओठावर आली होती माझ्या, पक्की बेळगावी.
तेवढ्यात हेल्मेटच्या आतनं मोठ्यानं,
"ट्रिंग ट्रिंग!"

मागं वळून बघेपर्यंत
तो उचगाव फाट्याच्या पार.

वैजू म्हणतो, बाबा, हप्त्यावर घेऊया.
घेऊया, म्हणतो मी.
गुडघा तर माझ्याआधी हो म्हणून मोकळा झालाय.

आज परतताना समोरून गाळी,
रताळ्यांच्या पोत्यांचा ट्रॅक्टर दिसला, म्हटलं आडोसा मिळाला,
पण तो सुळग्यातच आत वळला.
मान खाली घातली. बाटलीतली उरलेली आमटी डुचमळत होती.
दगडावर सात होते.
मी सहा वाचले
आणि पायडलवर उभा राहिलो.