वीस घरं

तंबाखूच्या वखारीत पडदा होता आमचा.
निपाणीचं जुनं थेटर आदल्या उन्हाळ्यात
फिल्मसकट जळालेलं,
म्हणून मालकानं पोती एका अंगाला सारली
आणि चुना फासलेल्या भिंतीवर टॉकी लावली.
झोतात खकाणा सोन्यासारखा तरंगायचा,
नायिका रडायला लागली
की अख्खी वखार शिंकायची.

पिक्चर लढाईचा. नाव आता आठवत नाही.
कॅप्टनच्या गळ्यात दुर्बीण,
पाठीमागचा रंगवलेला डोंगर वाऱ्यानं हलायचा.
ती पियानोवर कोपर टेकून म्हणायची,
जन्मभर वाट पाहीन.
हे सगळं आप्पण्णा चौगुला कानडीत सांगायचा
मागच्या बाकांना,
आणि त्याच्या कानडीत
कॅप्टन जरा जास्तच शिव्या द्यायचा.

मी बारा वर्षांचा,
मकानदारचाचांच्या हाताखाली.
रीळ गुंडाळणं, कार्बन बदलणं,
चाचांचा चहा. फिल्म चढवायला
त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा दिली,
सहावं रीळ,
आणि माझ्या हातून खालचा फास सैल राहिला.

कॅप्टन पडला. ओठ हलले, मिटले.
नर्सनं पापण्या लावल्या, चादर ओढली.
मग आला त्याचा आवाज,
चादरीखालून आल्यासारखा:
"मी ठीक आहे. काळजी करू नकोस."

वखार हसून लोळली.
शिट्ट्या. शेंगांची टरफलं.
चाचांनी माझ्या कानाखाली एक वाजवली,
तीही मला उशिरानं ऐकू आली.

खेळ सुटल्यावर शिडीखाली चंद्राक्का उभी.
तवंदी घाटाच्या पायथ्याची,
दिवसभर वखारीत पानांच्या शिरा काढणारी,
बोटं काळी, लुगड्याला तंबाखूचा उग्र वास.
नवरा पलटणीत. बेळगावात कवायत शिकला
आणि बोटीनं गेला
ती ज्या गावाला इट्टली म्हणायची तिकडं.

"हे असं का हुतंय चाचा?
माणूस गेल्यावर कसा बोलतोय?"

चाचांनी फिल्मचा तुकडा कंदिलापुढं धरला.
"ही बघ घरं. एकेका घरात एकेक चित्र.
कडेला ही रेघ, तो आवाज.
चित्र इथं उजळतं, आवाज पुढं वाचला जातो,
मधे वीस घरं.
फास लांबला तर आवाज मागं राहतो."

"आमच्या वाडीत बी वीसच," ती म्हणाली.
आणि कमरेच्या पिशवीतून कागद काढला.

तार आली होती मंगळवारी.
ती मास्तरांनी वाचली, वाचून टोपी काढली.
हे पत्र त्यानंतर नवव्या दिवशी.
मास्तरांकडं परत जायचं नव्हतं तिला.
मी वाचलं, शिडीवर बसून:

खुशाल आहे. इथं चिखल लय.
(मग दोन ओळींवर काळी शाई, सरकारची.)
खेचराला आपल्या सर्ज्याचं नाव ठेवलंय,
तेवढंच खोडील.
माझ्या पायाची काळजी करू नको, बरा होतोय.
परड्यातला फणस लागला का ते कळव.

"लागलाय," ती म्हणाली.
मला नाही. कागदाला.

चाचांनी कंदिलाची वात
उगीच वर केली, खाली केली.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म नीट चढवली,
दोनदा मोजली.
पहिली घंटा झाली तेव्हा बायकांच्या तट्ट्याआडून
तिनं एका पोरीच्या हाती निरोप धाडला:
कालच्यावानीच लाव म्हणावं.

मी चाचांकडं पाहिलं.
ज्यांनी फासापायी माझा कान सुजवला होता
त्यांनी सहाव्या रिळाला मशीन थांबवली,
दोन बोटांनी फिल्म धरून
फास ओढला. कालच्यापेक्षाही लांब.

कॅप्टन मेला. चादर ओढली गेली.
पडद्यावर आता गाव, चर्च, बर्फ, कुणीच नाही,
आणि त्या कुणीच नसण्यावर
तो बोलू लागला.

लोकांनी बाकं बडवली. पैसे परत मागितले.
आप्पण्णाला काय सांगावं कळेना, तो गप्प.
तट्ट्याआड काय झालं ते मला दिसलं नाही.

मालकानं आमचे आठ आणे कापले.