कोरी चिठ्ठी

मारुती चौकातल्या माझ्या हॉटेलात
तीन नंबरच्या टेबलावर
दोन वर्षं एक वाद मुक्कामाला होता.

एका खुर्चीत भूपाल मगदूम, हळदीचे अडते,
नखांच्या कडा बारमाही पिवळ्या.
यांचे वडील रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे,
यांना उघड्यावर मांडलेलं गणित पटत नसे.
समोर मुजावर सर, निवृत्त, संख्याशास्त्र,
बशीतला चहाही दोनदा फुंकणारे.

मगदूम पणजीला जाऊन आले होते.
नदीत उभ्या बोटीवर चक्रापुढं बसून
एका रात्रीत अठरा हजार.
"लाल लावायचं. गेलं, तर दुप्पट. परत गेलं, परत दुप्पट.
कधीतरी लाल येतंयच की, सर.
आलं की मागचं सगळं वसूल, वर एक."
सर म्हणाले, "चक्राला मागचं काही आठवत नसतं.
आठवतं ते तुम्हाला."

शेवटी काड्यांवर ठरलं.
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सरांनी
सदतीस चिठ्ठ्या टाकल्या,
अठरा लाल, अठरा काळ्या, एक कोरी.
"ही कुणाची?" मी विचारलं.
"घराची," सर म्हणाले.
कुणाच्या घराची, ते मी विचारलं नाही,
दूध उतू चाललं होतं.
एवढंच ठरलं, की कोरी निघाली
तर टेबलाभोवती असतील तेवढ्यांना चहा आणि भडंग,
पैसे दोघांनी निम्मे निम्मे.

मगदुमांनी पाचशे अकरा काड्या आणल्या,
दहा पेट्या आणि वर अकरा सुट्या, मोजून.
रोज चार-पाच काड्या वाढायच्या.
बघायला गर्दी व्हायची, रिक्षावाले, शेजारचा सोनार,
बँकेतला कुणी बाबर म्हणून शिपाई,
तो तर घरी न सांगता पणजीच्या गाडीची वेळ विचारून आला.
सर गप्प. चहा फुंकत.
दोनशे अकरा काड्या वर आल्या तेव्हाही गप्प.

मग एका गुरुवारी
काळी, काळी, काळी, काळी,
कोरी (चहा झाला, सगळे हसले),
आणि परत चार काळ्या.
पुढच्या डावाला हव्यात पाचशे बारा.
मगदुमांनी उरलेल्या मोजल्या. दोनशे अकरा.
पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.
"पेट्या कमी पडल्या, सर. पद्धत बरोबर आहे."
"पेट्या कमी पडणं," सर म्हणाले, "हीच पद्धत आहे."
दुसऱ्या दिवशी मगदूम नव्या पेट्या घेऊन हजर.

मी कुणाला हसू?
माझ्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत.
पहिलीला आम्ही हात लावून म्हणालो होतो,
शंभर वर्षांचं एकदम येऊन गेलं,
आता नातवंडांनाही दिसायचं नाही.
त्या भरवशावर गल्ला परत खालीच बसवला.
दुसरी रेघ दोनच वर्षांनी आली,
पहिलीच्या थोडी खाली,
पण गल्ल्याच्या वर.

दिवाळीत वही काढली.
मगदुमांच्या काड्या कधी हजार, कधी शून्य,
शेवटी त्या चुलीलाच गेल्या.
सर वाद जिंकले, असं सर म्हणतात,
मगदूम म्हणतात, अजून ठरायचंय.
वहीत मात्र एक ओळ खालपर्यंत सरळ गेलेली,
"कोरी : चहा, भडंग",
एकशे त्रेचाळीस वेळा.
कोपऱ्यातला फ्रीज त्यातून आला,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून डबा उघडला.
बोटं लागून लागून
कोरी चिठ्ठी हळदीसारखी पिवळी झालेली,
कडेला मऊ, नवऱ्यामुलाच्या बाहीसारखी.
अंधारातसुद्धा ओळखू आली असती.

सांगावं दोघांना, असं वाटलं.
मग वहीचं मागचं पान फाडलं,
तेवढ्याच मापाची एक पांढरी कापली,
सदतीस मोजल्या,
आणि झाकण घट्ट लावून
उद्याचं दूध सांगायला फोन लावला.