गेरू रंगाची रेघ

दर सोमवारी रात्री
धुडकूच्या फोनवरून फाईल येते.
नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते आकडे:
एकवीस दशांश अमुक, चौऱ्याहत्तर दशांश तमुक,
हजारभर ओळी,
आणि दर ओळीला समुद्रसपाटीपासूनची उंची,
जिचा आमच्या घराण्यात कधी कुणी विचार केला नव्हता.

साक्रीच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात,
मालक शटर अर्धं ओढतो तेव्हा
मी ती फाईल नकाशावर सोडते आणि थांबते.
नेट असेल तसं आधी पांझरा उमटते,
मग हायवे, मग पेट्रोल पंपांची नावं,
सगळ्यात शेवटी अण्णा.

रेघेला रंग कुठला, विचारतं ते.
पहिल्या खेपेला आपोआप निळा आला
आणि नदी कुठली, अण्णा कुठला, कळेना.
तेव्हापासून गेरू.
आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर असतो तोच,
दोन बोटं, डावीकडे.

बेटावदला रेघेची गाठ झाली आहे.
कापूस उपटलेल्या रानात पाच रात्री मेंढ्या बसवल्या,
बदल्यात दादरचं एक पोतं.
फोन पालात, झोळीला टांगून निजलेला,
तरी नकाशावर तो रात्रभर चालत राहिला,
दहा पावलं इकडे, वीस पावलं तिकडे,
लांडग्याची चाहूल घेत कुणी फिरावं तसा.
रेघ गुळगुळीत करू का?
नको, म्हणते मी.

सावळद्याच्या अलीकडे बॅटरी गेली.
पुढचा ठिपका थेट दहिवदला.
मधे तापी.
यंत्राने दोन ठिपके सरळ जोडून टाकले,
पूल सोडून, पाण्यावरून.
दोनशे मेंढ्या, घोडी, खुराड्यातल्या कोंबड्या,
तीन कुत्री आणि काकूचं तान्हं घेऊन
अण्णा उडत गेला.
सांगितलं तर फोनवर हसला:
"उडनू म्हने! पूलवर ट्रकवाला
कितल्या शिव्या देत व्हतात,
त्या काढ ना तुन्हा नकाशामा."

चित्र ग्रुपवर टाकण्याआधी
शेवटचे तीन दिवस मी कापते.
गेल्या साली एका तळावरून
चाळीस मेंढ्या रातोरात टेम्पोत गेल्या.
म्हणजे गावाला मी दाखवते
ते अण्णा आता नाही तेच.
आई ते चित्र बोटांनी मोठं करते,
मोठं करते,
चौकोन चौकोन दिसेपर्यंत.

परवा ठगूमावशी आली, पदरात शेंगा बांधून.
"आमनासनी नही का रेघ?"
उखामामांकडे बटणांचा फोन.
फाईल येत नाही, म्हटलं.
ऐकलं, आणि उभीच राहिली.
मग म्हणाली, मी सांगते, तू काढ.

दहिवेल.
कोंडाईबारीचा घाट, तिथे मेंढी व्यालेली,
कोकरू हिच्याच खांद्यावर.
विसरवाडी, एक विहीरवाला पाणी देतो,
त्याच्या पोरीचं लग्न झालं असेल आता.
नवापूर.
मी माऊसने एकेक ठिपका देत गेले.
त्यांच्या मेंढ्यांना निळीचं बोट, म्हणून निळी,
नदीशी घोळ होईल तर होऊ दे.
पुढे?
"पुढलं मी नही देखेल."
रेघ तिथेच थांबवली, तुटक,
आणि ग्रुपवर टाकली.

रात्री अकराला व्याऱ्याकडून
कुणाच्या तरी फोनवरचा आवाज आला, खोकणारा:
"औंदा कोंडाईबारीथून गयूच नही मी.
कोनी काढी ही रेघ?"

सकाळी मावशीला दोनदा ऐकवला.
बदलू का, विचारलं.
फोन तिने कानाशी तसाच धरून ठेवला,
आवाज संपला तरी.
"ऱ्हाऊ दे. ती मन्ही शे."

प्रिंटचे दहा रुपये मोजून ठेवले,
शेंगा वेगळ्या.
कागदाची घडी मात्र घालेना.
स्टँडवर दहिवेलची गाडी लागली होती,
ती खिडकीशी बसली,
कागद मांडीवर, उलटा.