दम

लग्न ठरलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता,
शिर्क्यांचा मुरार ना? हुतुतूचा गडी.
एका दमात चौघांना शिवून
रेषेवर येऊन पडतो, हसत.

तो दम मी पाहिला
लग्नानंतर तीस वर्षांनी,
बाबाजीपुऱ्यातल्या आपल्या मागच्या खोलीत,
रात्री दोनच्या सुमाराला.

घोरण्याची मला सवय होती,
भिंतीपलीकडच्या हसुमतीबेनलाही.
त्या म्हणायच्या, भाई नशीबवान, काय गाढ झोप.
मीही तसंच समजायचे.
मग एका रात्री घोरणं मध्येच तुटलं
आणि पुढचं आलंच नाही.

छाती हलत होती, पोट हलत होतं,
नाकाशी धरलेल्या माझ्या तळव्याला मात्र
काही लागत नव्हतं.
अकरा. बारा.
पंखा फिरत होता.
एकवीस. बावीस.
तुम्ही रेषेपलीकडे गेलेले
आणि मी इकडे उभी,
ज्या खेळाचे नियम मला कधी कुणी सांगितले नाहीत.
एकतीसला तुम्ही घशातून ओरडल्यासारखं करून परतलात,
कूस बदललीत,
आणि पुन्हा निघालात.

सकाळी तुम्हाला यातलं काही ठाऊक नसे.
डोकं दुखतंय म्हणायचात. तोंड कोरडं.
पेपर हातात धरून पेंगायचात.
मी सांगितलं तर, तुला स्वप्न पडलं असेल.
म्हणून मी लिहायला लागले,
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून:
मंगळवार, चौतीस. बुधवार, एकोणचाळीस.
गुरुवारी मलाच झोप लागली.

वही तुम्ही उघडली नाहीत.
पण मकरपुऱ्याहून येताना, सिग्नलला,
उभ्या स्कूटरवर डोळा लागला
आणि मागच्या रिक्षावाल्याने खांद्याला हात लावून
‘काका, घर आवी गयुं?’ विचारलं,
त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःच म्हणालात, चल.

हॉस्पिटलात एक रात्र.
डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा.
डॉक्टरीणबाई आपल्या लेकीएवढ्या.
त्यांनी कागदावर घसा काढून दाखवला:
झोपेत इथलं मांस सैल पडतं, वाट मिटते,
मेंदू घाबरून जागं करतो,
इतकंच, की तुम्हाला कळू नये.
तासाला अडतीस वेळा.
तुम्ही विचारलंत, म्हणजे दम कमी पडतो माझा?
त्या म्हणाल्या, दम आहे हो. वाट नाही.
मी पर्समधून वही काढली.
त्यांनी ती पूर्ण वाचली, दुधासकट.

मग मशीन आलं.
पहिले काही दिवस मध्यरात्री तुम्ही मुखवटा ओढून फेकायचात.
हे तोंडाला बांधून बायकोशेजारी झोपू?
मी म्हटलं, मी कुठे बघतेय, अंधार आहे.
पट्टा सैल केला, घट्ट केला. गालांवर वळ.
नळीत पाणी साचून गुडगुड.
बनियनच्या पाठीला कप्पा शिवून त्यात टेनिसचा बॉल घातला,
उताणे झालात की टोचावा म्हणून.
रात्रीची सेव-उसळ सुटली.
दारूबंदीच्या गावातली तुमची ती परमिटची बाटली,
मी बोलले नव्हते, तुम्हीच कुणाला तरी देऊन आलात.
वजन मात्र हटलं नाही, दीड किलो सोडलं तर.

आता खोलीत वारा चालतो,
लांबवर कुणी अंगण झाडत असावं तसा.
दोनला मी जागी होते, सवयीने.
तळवा पुढे करते,
मग आठवतं, मागे घेते.

काल सकाळी बशीत चहा ओतता ओतता तुम्ही म्हणालात,
तूही घोरतेस.
आणि मध्येच थांबतेस.
मी मोजले. अठरा.

मी म्हटलं, काहीतरीच.
ती वही कुठे आहे, तुम्ही विचारलंत.